घरच्या कॉम्प्युटरवरचा फोटोंचा ढिगारा: 'नवीन', 'नवीन २' आणि 'हेच खरं नवीन'

पसारेवाली | शनिवार, रात्री १०:४२

मंडळी, जुना कॉम्प्युटर आचके द्यायला लागला म्हणून नवा घेतला. जुन्यातलं सगळं नव्यात ओतताना पहिल्यांदाच कळलं की घरात किती फोटो साठलेत. २००४ साली घेतलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यापासूनचे, नंतरच्या कॅमेऱ्याचे, घरातल्या चार फोनांचे, भावाने सीडीवर दिलेले, शिवाय व्हॉट्सॅपवरून आलेले. सगळे मिळून ६१ हजारांच्या वर फायली, ३१० जीबी. फोल्डरांची नावं सांगायची लाज वाटते: 'नवीन', 'नवीन २', 'सीडीतले', 'हेच खरं नवीन', 'बघून डिलीट करणे'. हे शेवटचं २०११ पासून बघायचं राहिलंय.

एकेक फोटो तीन-तीन ठिकाणी आहे. काहींवर तारीख गेल्या आठवड्याची दिसते, आणि फोटोत माझा मुलगा रांगतोय. तो आता माझ्यापेक्षा उंच आहे.

फोल्डर वर्षानुसार करावेत की प्रसंगानुसार? एकसारखे फोटो कसे काढून टाकायचे? कुठला प्रोग्रॅम वापरायचा? जरा इस्कटून सांगा, मी कॉम्प्युटरवाली नाही.

झोपाळू_मांजर | शनिवार, रात्री १०:५१

सगळं एका फोल्डरात टाका, त्याचं नाव 'फोटो' ठेवा आणि झोपा. माझं २००९ पासून असंच चाललंय.

कोळिष्टक | शनिवार, रात्री ११:०५

मांजरा, मग हवा तेव्हा हवा तो फोटो सापडतो का?

झोपाळू_मांजर | शनिवार, रात्री ११:०६

नाही. पण नको तेव्हा फार छान फोटो सापडतात.

स्क्रूपाना | रविवार, सकाळी ७:३०

ताई, आधी हात आवरा. काहीही हलवू नका, काहीही पुसू नका. आहे तो सगळा ढिगारा, जसाच्या तसा, एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, डिस्क काढा आणि कपाटात ठेवा. आवराआवरी पूर्ण होईपर्यंत ती डिस्क कुणी जोडायची नाही. घाण फोल्डर, घाण नावं, सगळं तसंच राहू दे तिच्यावर.

आता तारखांचं. एका फोटोला किमान तीन तारखा असतात आणि घोळ तिथेच होतो. विंडोजमध्ये फाईल कॉपी केली की 'क्रिएटेड' तारीख कॉपी केल्या क्षणाची होते, 'मॉडिफाइड' जुनीच राहते. त्यामुळे जन्माला यायच्या आधीच बदललेल्या फायली दिसतात. या दोन्ही तारखा फाईलच्या अंगावरच्या कपड्यांसारख्या, डिस्क बदलली की बदलू शकतात. तिसरी तारीख फोटोच्या पोटात असते. कॅमेरा फोटो काढतानाच ती फाईलमध्ये लिहितो, सोबत कॅमेऱ्याचं मॉडेल, शटरचा वेग, फोन असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही. या नोंदीला एक्झिफ म्हणतात, १९९०च्या दशकात जपानमध्ये ठरलेला नमुना आहे. फायलींची यादी दिसते तिथे वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'डेट टेकन' हा रकाना लावा आणि त्यावर क्रम लावा. मुलगा बरोबर रांगायच्या वयात जाऊन बसेल.

फोल्डर कसे करायचे, हा प्रश्न यानंतरचा.

पसारेवाली | रविवार, दुपारी १:१५

कॉपी लावली आहे, पाच तास दाखवतंय. रकाना लावला आणि मुलगा खरंच २००६ मध्ये गेला! पण शेकडो फोटोंना तो रकाना रिकामाच आहे. आणि १९० फोटो '१ जानेवारी २०००'चे आहेत. तेव्हा आमच्याकडे डिजिटल कॅमेराच नव्हता.

स्क्रूपाना | रविवार, दुपारी २:००

१ जानेवारीवाले म्हणजे कॅमेऱ्याची बॅटरी बराच काळ काढलेली होती. आतलं घड्याळ शून्यावर गेलं आणि पुन्हा तारीख लावायचा कंटाळा केला. (सगळेच करतात.) त्यातल्या एका जरी फोटोचा खरा दिवस-वेळ आठवला आणि मधे घड्याळ पुन्हा शून्यावर गेलं नसेल, तर बाकीचे आपोआप लागतात, कारण दोन फोटोंमधलं अंतर घड्याळाने बरोबरच मोजलेलं असतं. सगळ्यांना सारखाच फरक मिळवायचा. एक्झिफटूल नावाचा मोफत प्रोग्रॅम हे काम एका ओळीत करतो, पण त्यात आज्ञा टाइप कराव्या लागतात. तुमच्यासाठी डिजिकॅम बरा, तोही मोफत आहे आणि त्यात तारखा पुढेमागे सरकवायची खिडकी आहे.

रिकाम्या रकान्यातले बहुतेक व्हॉट्सॅपवरून आलेले असणार. तिथे फोटो म्हणून पाठवलं की चित्र लहान होतं आणि एक्झिफ गळून पडतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर मूळ फाईल जशीच्या तशी जाते. त्यांच्या नावात मात्र तारीख असते: आधी आयएमजी, मग वर्ष-महिना-दिवस सलग, मग डब्ल्यूए आणि क्रमांक. ती तारीख फोटो तुमच्या फोनवर आला त्या दिवसाची. फोटो काढला कधी, ते ती सांगत नाही.

टिपकागद | रविवार, संध्याकाळी ६:४०

नावांबद्दल माझे दोन आणे. कॅमेऱ्याने दिलेल्या नावांवर विसंबू नका. कॅमेऱ्यांच्या फायलींसाठी ठरलेल्या नियमात शेवटचे चार आकडे क्रमांकाचे, ०००१ ते ९९९९. दहा हजारावा फोटो काढला की मोजणी परत पहिल्यापासून. म्हणजे त्याच कॅमेऱ्यातून, त्याच नावाचे, पूर्ण वेगळे दोन फोटो असू शकतात. कॉपी करताना कॉम्प्युटर 'याच नावाची फाईल आहे, बदलू का?' विचारतो आणि आपण सवयीने 'हो' म्हणतो. झालं.

म्हणून नाव बदलताना पुढे तारीख-वेळ लावा, वर्ष आधी: २००९-०५-१७. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र येतात. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानकही वर्ष-महिना-दिवस असाच क्रम सांगतं. इथे मी देवनागरीत लिहितोय, पण फोल्डरांत एकच काय ते ठरवा, सगळीकडे इंग्रजी आकडे किंवा सगळीकडे मराठी. सरमिसळ केली की घोळ होतो.

फोल्डरचं नाव मराठीत ठेवायला हरकत नाही, मी ठेवतो. पण एक खोच आहे. 'किनाऱ्यावर' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका पद्धतीत ऱ हे वेगळं अक्षर वापरलं जातं, दुसरीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द. मी एकदा फोनवरून केलेलं 'किनाऱ्यावर' आणि कॉम्प्युटरवर केलेलं 'किनाऱ्यावर' शेजारीशेजारी बघितलं आणि दृष्टिभ्रम झाला असं वाटून चष्मा पुसला.

कोळिष्टक | रविवार, संध्याकाळी ७:२२

ह्या 'तऱ्हा' शब्दातही तीच गोची आहे हे लक्षात आलं का? :)

फोल्डरांवरून माझा वेगळा सूर. फोटो एकाच फोल्डरात राहू शकतो. समुद्रावर आजोबांच्या वाढदिवसाला काढलेला मुलाचा फोटो 'समुद्र'मध्ये टाकायचा, 'आजोबा'त की 'मुलगा'त? मग लोक तीन फोल्डरांत तीन प्रती ठेवतात आणि ढिगारे असेच तयार होतात. फोल्डर फक्त तारखेने करा: वर्ष, त्यात 'तारीख + प्रसंग'. बाकी सगळं टॅगने, म्हणजे फोटोला चिकटवलेल्या खुणेच्या शब्दांनी. माणसं, जागा, विषय, पाच ताऱ्यांची प्रतवारी.

टिपकागद | रविवार, संध्याकाळी ७:४०

टॅग ठीक, पण तुम्ही प्रोग्रॅमच्या ताब्यात जाता. प्रोग्रॅम संपला की टॅग संपले. फोल्डर कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतो.

कोळिष्टक | रविवार, रात्री ८:१०

टॅग कुठे लिहिला जातो त्यावर आहे ते. काही प्रोग्रॅम तो फक्त स्वतःच्या वहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये लिहितात. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण आयपीटीसी आणि एक्सएमपी या पद्धतींनी तो फोटोच्या फाईलमध्येच लिहिता येतो, एक्झिफच्या शेजारी. मग दुसरा प्रोग्रॅमही तो वाचतो. डिजिकॅमच्या सेटिंगमध्ये 'मेटाडेटा' भागात टॅग, मथळे, तारे फाईलमध्ये लिहिण्याचे पर्याय आहेत. पहिला टॅग लावायच्या आधी ते चालू आहेत ना बघा. कॅमेऱ्याच्या रॉ (म्हणजे जेपीईजी न केलेल्या, कच्च्या) फायली असतील तर शेजारी .एक्सएमपीची छोटी फाईल करून ठेवणं जास्त सुरक्षित, रॉ फाईलला हात लावू नये.

पसारेवाली | रविवार, रात्री ९:३०

तुम्ही दोघं भांडा, माझं शिक्षण होतंय. मधेच एक: कितीतरी फोल्डरांत पिकासा या जुन्या फोटो-प्रोग्रॅमच्या नावाची एक बारकीशी फाईल आहे. कचरा समजून पुसू का?

कोळिष्टक | रविवार, रात्री ९:४४

थांबा थांबा! पिकासा २०१६ मध्ये बंद झालं, पण त्यात तुम्ही केलेली कापाकापी, रंग सुधारणं वगैरे त्या .आयएनआय फाईलमध्ये लिहिलेलं असतं. मूळ फोटोला ते हात लावत नसे. आणि 'सेव्ह' केलं असेल तर बदललेला फोटो समोर राहतो आणि मूळ फोटो त्याच फोल्डरातल्या एका लपवलेल्या 'पिकासाओरिजिनल्स' फोल्डरात जातो. लपवलेल्या फायली दिसण्याची सोय चालू करून बघा. अस्सल फोटो तिथे बसलेले असतील.

पसारेवाली | रविवार, रात्री १०:२०

आहेत!! २००८ च्या सहलीचे सगळे. मी ते तेव्हा तपकिरी करून ठेवले होते, का ते विचारू नका. मूळचे रंगीत आतमध्ये सापडले.

झोपाळू_मांजर | रविवार, रात्री १०:२१

२००८ मध्ये सगळेच तपकिरी होते. आमच्याकडे पुसट कडाही आहेत.

स्क्रूपाना | सोमवार, सकाळी ७:१०

आता एकसारखे फोटो. इथे दोन वेगळी कामं आहेत, ती एकत्र करू नका.

पहिलं, तंतोतंत एकच असलेल्या फायली. प्रोग्रॅम प्रत्येक फाईलच्या आतल्या मजकुरावरून एक आकडा काढतो, त्याला चेकसम म्हणतात. एक बिट जरी वेगळा असला तरी आकडा बदलतो. दोन फायलींचा आकडा सारखा, तर एक बेलाशक काढा. चकावका, ड्यूपगुरू असे मोफत प्रोग्रॅम आहेत.

हे काम तारखा सुधारण्याच्या, टॅग लावण्याच्या आणि फोटो फिरवण्याच्या आधी करायचं. एका प्रतीत टॅग लिहिला की तिचा चेकसम बदलला, मग ती जुळी राहत नाही.

दुसरं, दिसायला सारखे: मूळ आणि लहान केलेला, किंवा एकामागून एक काढलेले पाच. हे प्रोग्रॅम अंदाजाने ओळखतो. इथे त्याला फक्त दाखवू द्या, पुसायचं काम माणसाने करायचं.

पसारेवाली | गुरुवार, रात्री ११:५८

स्क्रूपाना, तुम्ही सांगितलं होतं. तरी मी केलं.

तंतोतंतवाले सुरळीत झाले, १९ हजार फायली कमी झाल्या. हात शिवशिवायला लागले. मग दिसायला सारखे शोधले तर चार हजारांच्या वर जोड्या निघाल्या. एकेक बघायचा कंटाळा आला. तिथे 'सगळ्यात जुनी ठेवा, बाकी निवडा' असं बटण होतं. जुनी म्हणजे मूळ, असं मला वाटलं. दाबलं, पुसलं, कचराटोपलीही रिकामी केली.

आज बाबांचा एक फोटो छापायला म्हणून मोठा करून बघितला तर डोळ्यांच्या जागी ठिपके. १६०० पिक्सेल रुंद. व्हॉट्सॅपवरून परत आलेली प्रत राहिली आणि कॅमेऱ्यातला मूळ गेला. असे किती गेले तेच कळत नाहीये.

स्क्रूपाना | शुक्रवार, सकाळी ६:४५

कपाटातली डिस्क जोडलीत का मधे?

पसारेवाली | शुक्रवार, सकाळी ७:०२

नाही. तिथेच आहे.

स्क्रूपाना | शुक्रवार, सकाळी ७:२०

मग काही गेलेलं नाही, चहा घ्या.

झालं काय ते सांगतो. प्रोग्रॅमने 'क्रिएटेड' तारीख बघितली असणार. लहान प्रती आधी कॉपी झाल्या, मूळ फोटो नंतर दुसरीकडून आणले. म्हणून कॉम्प्युटरच्या लेखी लहान प्रत जुनी आणि मूळ नवा. 'जुनी ठेवा'ऐवजी 'मोठ्या मापाची ठेवा' असा पर्याय असेल तर तो घ्यायचा, आणि एक्झिफ असलेली प्रत कधीही बिनएक्झिफच्या प्रतीपेक्षा वरचढ.

आता डिस्कवरून सगळं पुन्हा कॉपी करा, नव्या फोल्डरात. पहिलं काम परत करा. दुसरं एकेका वर्षाचं करा, एका बैठकीत एक वर्ष. कंटाळा आला की थांबा. सारखे दिसणारे राहिले तरी जागाच खातात फक्त.

झोपाळू_मांजर | शुक्रवार, सकाळी ११:३०

मी उपहासाने आलो होतो, पण डिस्क आणायला निघालोय.

मागच्या_बाकावरून | शुक्रवार, दुपारी ४:१०

वाचनमात्र होतो, पण इथे सर्वांचे लक्ष कॅमेऱ्याच्या फोटोंकडे आहे म्हणून लिहितो. निवृत्तीनंतर घरातले जुने छापील फोटो मी स्कॅन केले, सुमारे बावीसशे. त्यांना कॅमेऱ्याने लिहिलेली तारीखच नाही. स्कॅनर लिहितो ती स्कॅनची. त्यामुळे माझ्या आईचे तरुणपणीचे फोटो प्रोग्रॅममध्ये नातवाच्या वाढदिवसाच्या शेजारी येत.

एक्झिफमध्ये यासाठी दोन वेगळी घरे आहेत: मूळ फोटो काढल्याची तारीख आणि तो डिजिटल झाल्याची तारीख. स्कॅनची तारीख दुसऱ्या घरात राहू द्यावी, पहिल्यात खरी भरावी. नुसते वर्ष ठाऊक असेल तर मी त्या वर्षाची १ जानेवारी लिहितो आणि 'तारीख अंदाजे' हा टॅग लावतो.

४ बाय ६ इंचाचा छापील फोटो ६०० डीपीआयने (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केल्यास २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, ते पुरतात. निगेटिव्ह किंवा स्लाइडला मात्र ६०० फारच कमी. ३५ मिमीची चौकट जेमतेम दीड इंच रुंद, तिला २४०० तरी हवेत.

फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. तिथे शाईने लिहिलेले असते.

टिपकागद | शुक्रवार, संध्याकाळी ५:३०

काका, दंडवत. मागच्या बाजूचं कधी सुचलंच नव्हतं. तिला पुढच्या बाजूचंच नाव देऊन शेवटी 'मागे' लावलं की दोन्ही शेजारी राहतील.

पसारेवाली | पुढच्या मंगळवारी, रात्री ९:१५

२००४ ते २०१० झालं. फोल्डर कोळिष्टक यांच्या पद्धतीने, नावं टिपकागद यांच्या पद्धतीने, भांडण माझ्या घरात मिटलं.

एक नवीन कोडं. भावाच्या लग्नात दोन कॅमेरे होते. तारखेने लावल्यावर माणसं आधी जेवतायत आणि मग लग्न लागतंय. आणि फोनवरचे व्हिडिओ तर फोटोंपासून काही तास लांब जाऊन बसलेत.

कोळिष्टक | मंगळवार, रात्री ९:५०

दोन्ही कॅमेऱ्यांत सापडेल असा एक क्षण शोधा, हार घालताना वगैरे. दोन्हींच्या वेळेतला फरक काढा आणि एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो तेवढे सरकवा. कॅमेऱ्याच्या मॉडेलवरून वेगळे निवडता येतात.

व्हिडिओचं वेगळं आहे. फोटोत कॅमेऱ्याच्या घड्याळाची स्थानिक वेळ लिहिली जाते. एमपी४ व्हिडिओत बरेच फोन जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी लिहितात. म्हणून तुमच्या आणि यूटीसीच्या फरकाइतके व्हिडिओ दूर पडतात. एक्झिफमध्ये तर वेळ कुठल्या टाइमझोनमधली ते लिहायची सोयच २०१६ पर्यंत नव्हती. परदेशच्या सहलींचे फोटो बघाल तेव्हा हे आठवा.

पसारेवाली | मंगळवार, रात्री ११:४०

सत्तेचाळीस मिनिटं! आता लग्न आधी लागतंय.

रिकामटेकडी | बुधवार, दुपारी १२:०५

एवढं कशाला? माझे फोटो फोनवरून आपोआप क्लाउडवर जातात. तोच बॅकअप.

स्क्रूपाना | बुधवार, दुपारी १२:४०

सिंक, म्हणजे फोन आणि क्लाउड आपोआप सारखे ठेवणं, चालू असेल तर फोनवर पुसलेला फोटो तिकडेही पुसला जातो. परत मिळवायला थोडे दिवस असतात, पण चुकलंय हे तेवढ्यात लक्षात यायला हवं. पसारेवालीताईंना डोळ्यांच्या जागचे ठिपके दिसले ते बाबांचा फोटो छापायचा होता म्हणून, नाहीतर दोन वर्षं कळलं नसतं.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ हा हिशोब बरा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. क्लाउड त्यातली घराबाहेरची धरा. बाहेरची डिस्क मात्र काम झालं की काढून ठेवायची. जोडलेलीच राहिली तर खंडणी मागणारा व्हायरस तिच्यावरच्या फायलीही कुलूपबंद करतो.

रिकामटेकडी | बुधवार, दुपारी १:१०

हम्म. आणि सीडीवरचे?

स्क्रूपाना | बुधवार, दुपारी १:१४

आज कॉपी करा. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर काळानुसार खराब होतो. वाचता येतायत तोवर काढून घ्या.

पसारेवाली | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:३०

धागा वर काढतेय. ६१ हजारांचे ३४ हजार झाले. 'बघून डिलीट करणे' शेवटी बघितलं. त्यातले नऊ फोटो डिलीट केले, बाकी सगळे ठेवले.

डिजिकॅमला चेहरे ओळखायला लावलं. पहिल्या दिवशी त्याने माझ्या मुलाला माझा भाऊ ठरवलं. आई म्हणाली, त्याचं बरोबर आहे. आता ती रोज संध्याकाळी शेजारी बसते आणि चेहऱ्यांना नावं सांगते, मी टाइप करते. सेटिंग तपासलं आहे, नावं फाईलमध्येच जातायत.

काकांचं वाचून जुना अल्बमही स्कॅनला काढला. १७ चेहरे उरलेत जे तिलाही आठवत नाहीत. त्यांना काय टॅग द्यायचा?

मागच्या_बाकावरून | रविवार, रात्री ९:०५

मी 'कोण?' असा देतो. प्रश्नचिन्हासकट. आणि कुणी वयस्कर नातेवाईक घरी आले की तेवढाच टॅग उघडून समोर धरतो. माझ्याकडे एकेकाळी चाळीस होते, आता सहा आहेत.

पसारेवाली | रविवार, रात्री ९:२०

आत्या पुढच्या महिन्यात येतेय. लावते.